निन्टेन्डो वीचे वायफाय किंवा ब्लूटूथ बंद पडले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वी हा गेम कन्सोल घरी उघडून बसलेल्यांकडून आणि उघडावा की नाही या विचारात असलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘मॉड्यूल गेले’ म्हणून नवे मागवणाऱ्या बऱ्याच जणांचे जुने मॉड्यूल ठणठणीत असते. दोष असतो राउटरच्या सेटिंगमध्ये, रिमोटच्या बॅटरीच्या स्प्रिंगमध्ये नाहीतर अँटेनाच्या तारेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार. म्हणून पहिली बरीच उत्तरे कन्सोल न उघडता करायच्या तपासणीची आहेत. घाईत असलात तरी ती ओलांडून पुढे जाऊ नका.

1. वीमध्ये वायरलेसचे मॉड्यूल एकच असते का?

दोन असतात. वायफायचे मॉड्यूल इंटरनेटसाठी आणि ब्लूटूथचे रिमोटसाठी. 2006 साली आलेल्या मूळ वीमध्ये ही दोन्ही वेगवेगळी छोटी कार्डे आहेत आणि मुख्य बोर्डावर कनेक्टरने बसवलेली आहेत. आतल्या आत ब्लूटूथ यूएसबीच्या वाटेने बोलते, तर वायफाय एसडीआयओच्या, म्हणजे एसडी कार्डाच्या जातीच्या वाटेने. वाटाच वेगळ्या असल्यामुळे एक गेले म्हणून दुसरे जात नाही. दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही: सोल्डरिंगला हात न लावता कार्ड काढता येते, पुसता येते, बदलता येते.

दोन्ही एकाच दिवशी बंद पडली असतील तर प्रश्न 18 पाहा. तो मामला वेगळा.

2. दोघांपैकी कोणते बिघडले हे कसे कळणार?

रिमोट जोडला जात नाही, सुरुवातीच्या सूचनेच्या पडद्यावर ए दाबूनही काही हलत नाही, अशी तक्रार असेल तर संशय ब्लूटूथवर. रिमोट नीट चालतो, गेम चालतात, फक्त इंटरनेट जोडले जात नाही, तर संशय वायफायवर. रिमोट चालतो पण पडद्यावरचा हात, म्हणजे रिमोटने फिरवायचा बाण, दिसत नाही, तर दोन्ही मॉड्यूल्स सोडून द्या आणि थेट प्रश्न 4 वाचा.

3. सिंक दाबल्यावर रिमोटचे निळे दिवे लुकलुकतात आणि मग विझतात. ब्लूटूथ मॉड्यूल गेले, असे समजायचे का?

अजून नाही. दिवे लुकलुकणे याचा अर्थ रिमोट कन्सोलला शोधतो आहे, आणि विझणे याचा अर्थ तो सापडला नाही. पण सापडला नाही यात चूक शोधणाऱ्याची की लपणाऱ्याची, हे आधी ठरवायला हवे.

सुरुवात बॅटरीपासून करा. दोन नवे डबल ए सेल घाला. जुने सेल काढल्यावर खालच्या स्प्रिंगकडे उजेडात नीट बघा. तिथे पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेलची ती गळती असते. कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. अशी स्प्रिंग दिवे लावण्यापुरती वीज देते, पण रिमोट जोर लावून प्रक्षेपण करायला गेला की कमी पडते. त्यामुळे दिवे दिसतात आणि जोडणी मात्र होत नाही. माझ्याकडे आलेल्या ‘मेलेल्या ब्लूटूथ’पैकी कित्येक या स्प्रिंगवरच बरे झाले आहेत.

पुढची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला कन्सोल लागतच नाही. फोनवर किंवा संगणकावर ब्लूटूथ चालू करा, नवीन उपकरण शोधायला लावा आणि रिमोटवर 1 आणि 2 ही बटणे एकत्र दाबा. यादीत ‘निन्टेन्डो आरव्हीएल-सीएनटी-01’ असे नाव इंग्रजीत दिसले, तर रिमोटचे प्रक्षेपण जिवंत आहे. नव्या रिमोटच्या नावाला शेवटी ‘टीआर’ जोडलेले असते. नाव संगणकावरही दिसले नाही, तर दोष रिमोटमध्येच. नकली रिमोट या चाचणीत पास होऊनही कधीकधी वीशी जमवून घेत नाहीत, म्हणून शक्य असेल तर एक अस्सल रिमोट उसना आणा.

रिमोट चांगला ठरला की कन्सोलची जुनी नोंद पुसा. वी चालू करून एसडी कार्डाचे झाकण उघडा आणि आतले लाल सिंक बटण 15 सेकंद दाबून धरा. आधी जोडलेले सगळे रिमोट विसरले जातात. मग रिमोटचे सिंक बटण, जे बॅटरीच्या झाकणाखाली असते, ते एकदा दाबून सोडा आणि लगेच कन्सोलचे दाबून सोडा. दोन्ही दाबून धरू नका, ही चूक फार जण करतात.

एवढे करूनही एकही अस्सल, तपासलेला रिमोट जोडला गेला नाही, तर आता मॉड्यूलवर संशय घ्यायला आधार आहे.

4. रिमोट जोडलेला आहे, बटणे चालतात, पण पडद्यावरचा हात दिसत नाही किंवा थरथरतो.

याचा ब्लूटूथशी काहीही संबंध नाही. टीव्हीजवळ ठेवायचा सेन्सर बार नावापुरताच सेन्सर आहे. त्यात फक्त दोन टोकांना अवरक्त एलईडी आहेत. बघण्याचे काम रिमोटच्या तोंडाशी असलेला कॅमेरा करतो. फोनचा कॅमेरा, शक्यतो सेल्फीचा, बारवर धरा. पडद्यावर जांभळट ठिपके दिसले तर बार चालू आहे. नाही दिसले तर आधी बारची तार बघा. ती नाजूक असते आणि कपाटाच्या पायाखाली किंवा कुत्र्याच्या दातात हमखास सापडते. ठिपके दिसतात तरीही हात थरथरत असेल तर समोरून येणारे ऊन, मेणबत्ती किंवा पिवळा तापणारा दिवा रिमोटच्या दृष्टीच्या वाटेतून काढा.

5. एक रिमोट चालतो, दुसरा कितीही केले तरी सिंक होत नाही. मॉड्यूल अर्धे खराब असू शकते का?

एक रिमोट विनातक्रार चालत असेल तर मॉड्यूल आणि त्याची अँटेना काम करते आहे. ‘अर्धे खराब’ असे काही नसते. पण कन्सोलचे लाल बटणच झिजलेले असू शकते, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येते. चालणाऱ्या रिमोटवर होम दाबा, रिमोटच्या सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा जोडण्याचा पर्याय निवडा आणि हट्टी रिमोटवर 1 व 2 एकत्र दाबा. ही तात्पुरती जोडणी लाल बटणाशिवाय होते. अशी जोडणी झाली तर दुसरा रिमोटही चांगला आणि ब्लूटूथही चांगले. ते लाल बटण तेवढे बदलायचे.

6. इंटरनेट जोडताना 51330 हा आकडा येतो. वायफाय मॉड्यूल बदलू का?

नका बदलू. 51330 म्हणजे वीला राउटरशी बोलणी पूर्ण करता आली नाहीत. बहुतेक वेळा पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार जुळत नाही. पासवर्ड पुन्हा टाइप करा, लहान-मोठी अक्षरे आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा बघा.

52 ने सुरू होणारे आकडे तर चांगली बातमी आहेत. त्यांचा अर्थ असा की वी राउटरपर्यंत पोचला, अडचण त्यापुढे आहे. ज्या मॉड्यूलने राउटरशी हातमिळवणी केली ते मेलेले कसे असेल?

खरी कसोटी वेगळी आहे. इंटरनेटच्या सेटिंगमध्ये नवीन जोडणी निवडून ‘अॅक्सेस पॉइंट शोधा’ हा पर्याय चालवा. आसपासच्या वायफायची नावे यादीत आली तर मॉड्यूल, कनेक्टर आणि अँटेना तिन्ही ऐकू शकतात. सगळी नावे येतात आणि जोडणी होत नाही, तर प्रश्न 7. खोलीतल्या फोनला दहा नावे दिसतात आणि वीला एखादेच, तेही राउटरजवळ नेल्यावर, तर प्रश्न 13, अँटेना. एकही नाव कुठेच येत नाही, तर प्रश्न 12 पासून पुढे.

7. जुन्या राउटरवर चालायचे, नवा राउटर घेतल्यापासून बंद. असे का?

वीचे वायफाय 802.11 बी आणि जी या पिढीचे आहे. त्याला 2.4 गिगाहर्ट्झ एवढीच भाषा येते, 5 गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. सुरक्षेत त्याची मजल डब्ल्यूपीए2 पर्यंत. राउटर फक्त डब्ल्यूपीए3 वर ठेवला असेल तर वी दारातच अडतो. म्हणून राउटरमध्ये 2.4 गिगाहर्ट्झ चालू ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए2 एईएस निवडा, जुन्या बी आणि जी उपकरणांना परवानगी द्या, चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा आणि चॅनेल 1 किंवा 11 करून बघा. दोन्ही बँडना एकच नाव दिले असेल तर 2.4 चे नाव वेगळे करा. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. वीच्या कीबोर्डवर देवनागरी नाही.

राउटरला हात लावायचा नसेल तर फोनचा हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए2 वर लावून वी त्याला जोडून बघा. पाच मिनिटांचे काम आहे. हॉटस्पॉटवर जोडले गेले तर स्क्रू ड्रायव्हर परत ठेवून द्या.

8. माझ्या वीमध्ये वायफायची सेटिंगच सापडत नाही.

तुमचा कन्सोल लाल कडेचा, वरून झाकण उघडणारा वी मिनी असेल. 2012 च्या शेवटी आलेल्या या मॉडेलमध्ये वायफाय मुळातच दिलेले नाही, त्यामुळे दुरुस्त करायलाही काही नाही. प्रश्न 10 मधला केबलचा उपायही त्याला लागू नाही. ब्लूटूथ मात्र आहे आणि रिमोट तपासण्याची इथली उत्तरे त्यालाही चालतात; फक्त त्यात एसडी कार्डाची जागा नाही, त्यामुळे सिंक बटण दुसरीकडे असते.

9. अधिकृत सेवा बंद झाल्या. मग वायफाय दुरुस्त करून मिळणार काय?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुमच्या वापरावर आहे. निन्टेन्डोची ऑनलाइन खेळण्याची सेवा 20 मे 2014 रोजी बंद झाली आणि वीचे दुकान 30 जानेवारी 2019 रोजी. डिस्क घालून घरच्यांबरोबर खेळायचे एवढेच असेल तर बंद वायफायने तुमचे काही अडत नाही. कन्सोल उगाच उघडू नका, असेच मी सांगेन. चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांना मात्र जोडणी हवीच असते.

ब्लूटूथचे तसे नाही. वीचा मुख्य पडदा रिमोटशिवाय पुढे सरकत नाही. गेमक्यूबचा तारेचा कंट्रोलर तिथे चालत नाही. ब्लूटूथ गेले की चांगला कन्सोल आणि कपाटभर डिस्का असूनही दारातूनच परत फिरावे लागते. म्हणून ब्लूटूथ दुरुस्त करण्यासारखे नेहमीच असते.

10. कन्सोल न उघडता वायफायला पर्याय आहे का? यूएसबी डाँगल चालेल?

यूएसबी वायफाय डाँगल चालत नाही, यूएसबी ब्लूटूथ डाँगलही नाही. वीच्या सिस्टिमला ते ओळखताच येत नाहीत. चालतो तो यूएसबी लॅन अॅडॅप्टर, म्हणजे केबलवाला. निन्टेन्डोचा स्वतःचा अॅडॅप्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर आतली चिप एएक्स88772 असलेला घ्या. घेताना चिपचे नाव विचारूनच घ्या, दिसायला सारखे असलेले भलत्याच चिपचे अॅडॅप्टर खूप असतात. कन्सोलच्या मागच्या यूएसबीत लावा आणि सेटिंगमध्ये वायर्ड जोडणी निवडा. वायफाय खरोखर गेलेले असेल आणि राउटर जवळ असेल, तर हा उपाय मॉड्यूल बदलण्याहून टिकाऊ आहे.

11. उघडण्याआधी गेमचे सेव्ह वाचवता येतात का?

रिमोट चालत असेल तर हे सगळ्यात आधी करा. सेव्ह मॉड्यूलवर नसतात, कन्सोलच्या 512 एमबीच्या अंतर्गत मेमरीत असतात. पण उघडाउघडीत मुख्य बोर्डालाच इजा झाली तर ते आतच अडकतात. डेटा मॅनेजमेंटमधून एसडी कार्डावर कॉपी घ्या. सिस्टिम 4.0 किंवा पुढची असेल तर 32 जीबीपर्यंतचे एसडीएचसी कार्ड चालते, त्याआधीची असेल तर 2 जीबीपर्यंतचे साधे एसडी. मारिओ कार्ट वी आणि सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल यांचे सेव्ह मात्र अशा साध्या मार्गाने कॉपी होत नाहीत.

ब्लूटूथच बंद असेल तर ही वाट नाही. मग उघडताना दुप्पट जपा.

12. उघडायला काय लागते आणि विजेचा धोका किती?

वीचा पॉवर अॅडॅप्टर बाहेर आहे आणि कन्सोलमध्ये फक्त 12 व्होल्ट जातात, त्यामुळे आत जिवावर बेतेल असे काही नाही. प्लग काढा, पाच मिनिटे थांबा, एवढे पुरे. अॅडॅप्टर स्वतः मात्र कधीही उघडू नका.

साहित्यात वाय आकाराचा ट्राय-विंग स्क्रू ड्रायव्हर, बारीक चौफुली ड्रायव्हर, प्लॅस्टिकची चपटी पट्टी, बोथट चिमटा, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि शक्य असेल तर मल्टिमीटर. साध्या चौफुलीने किंवा तापवलेल्या पेनच्या नळीने ट्राय-विंग फिरवायला जाऊ नका. एक डोके झिजले की उरलेली दुपार त्या एका स्क्रूत जाते.

स्क्रू रबरी पायांखाली, चिकटलेल्या टोप्यांखाली आणि स्टिकरखाली लपलेले असतात. घड्याळाच्या सीआर2032 सेलचा कप्पाही सोडवून घ्या. पुढची पट्टी ओढून काढू नका, तिच्यामागे तारा आहेत. डिस्क ड्राइव्ह एका चपट्या रिबनने आणि एका पॉवरच्या तारेने जोडलेला असतो; रिबनचे कुलूप आधी उघडा, मग रिबन सरळ काढा. स्क्रूंची लांबी जागोजागी वेगळी आहे. मी एका कागदावर कन्सोलची आकृती काढतो आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने डकवतो. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो खालच्या बोर्डात घुसू शकतो. प्रत्येक थर उचलण्याआधी एक फोटो घ्या, विशेषतः तारा कोणत्या खाचेतून फिरवल्या आहेत त्याचा.

हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता घालवणारा धातूचा ठोकळा, उचलावे लागले तर त्याखालची थर्मल पेस्ट किंवा पॅड नवे लावल्याशिवाय परत बसवू नका.

कार्डापर्यंत पोचलात की बदलण्याआधी एक साधी गोष्ट करा: कार्ड सरळ वर उचलून काढा, दोन्ही बाजूंचे कनेक्टर अल्कोहोलने ब्रशने पुसा, वाळू द्या आणि परत दाबून बसवा. बसताना हलकी ‘टक’ जाणवली पाहिजे. कन्सोल कधी पडला असेल, किंवा आधी कुणी उघडला असेल, तर एवढ्यावरच मॉड्यूल परत बोलू लागल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

13. अँटेनाची तार तपासायची कशी?

इथे जरा थांबतो, कारण वायफाय ‘अशक्त’ होण्याचे मूळ बहुधा इथेच सापडते. कार्डावर तांदळाच्या दाण्याएवढी गोल सोनेरी टोपी दिसेल, तिच्यात शिरलेली बारीक तार म्हणजे अँटेनाची कोॲक्सिअल केबल. तिच्या आत मधोमध एक केसासारखी तार आणि भोवती जाळी. मधली तार सिग्नल नेते, जाळी त्याला बाहेरच्या गोंगाटापासून झाकते. या दोघांमधले अंतर ठरावीक राहिले तरच सिग्नल नीट जातो.

एका वाचकाने पाठवलेला फोटो मी कायम जपून ठेवला आहे. त्याच्या वीला राउटरच्या शेजारीच वायफाय दिसायचे, एक मीटर दूर गेले की नाहीसे. आधीच्या दुरुस्तीत ती तार खाचेत न बसवता तशीच धातूच्या झाकणाखाली गेली होती आणि स्क्रू आवळल्यावर चपटी झाली होती. फोटोत तिच्यावर नखाने दाबल्यासारखा एक खळगा दिसतो, बाकी सगळे नवेकोरे. तार तुटलेली नव्हती, चालू-बंद चाचणीत पास व्हायची. पण त्या खळग्यापाशी मधली तार आणि जाळी जवळ आली होती आणि सिग्नलचा मोठा भाग तिथूनच परत फिरत होता. तार बदलली, खाचेतून फिरवली, काम झाले. मॉड्यूल त्याने आधीच दोनदा बदलून पाहिले होते.

म्हणून डोळ्यांनी तपासा: चपटेपणा, तीव्र वळण, सोललेले आवरण, टोपीच्या मुळाशी तुटलेली जाळी. टोपी काढताना तार धरून ओढू नका. चपटी पट्टी टोपीच्या कडेखाली घालून सरळ वर उचला. बसवताना बरोबर वर धरून बोटाने सरळ दाबा. वाकडी दाबली तर मधली पिन वाकते. या जातीचे कनेक्टर वारंवार काढायला-लावायला बनवलेले नसतात. यूएफएल नावाच्या प्रचलित प्रकाराची मर्यादा सुमारे 30 वेळांची आहे. ‘बघू पुन्हा काढून’ असे करत बसू नका.

14. मल्टिमीटरवर अँटेना शॉर्ट दाखवते. म्हणजे ती खराब, ना?

तसे म्हणता येणार नाही. सपाट पत्र्याच्या किंवा छापील अँटेनांचे काही प्रकार मुद्दाम एका टोकाला बोर्डाच्या ग्राउंडशी जोडलेले असतात. मल्टिमीटरच्या एकदिश विजेला तो शॉर्ट दिसतो, 2.4 गिगाहर्ट्झला तो अँटेनाच असतो. चांगली तपासणी तुलनेची आहे. सारख्याच बनावटीच्या दोन अँटेना असतील तर दोन्ही मोजा. एक शॉर्ट आणि दुसरी उघडी दाखवत असेल तर त्यातली एक बिघडली आहे. तार अँटेनापासून सोडवता आली तर मात्र नियम सरळ आहे: मधली तार टोकापासून टोकापर्यंत अखंड, आणि मधली तार व जाळी यांच्यात काहीही संपर्क नको.

15. दुसऱ्या वीमधले मॉड्यूल माझ्यात चालेल का? कन्सोल ते ओळखेल?

चालेल. ही कार्डे विशिष्ट कन्सोलशी कुलूपबंद केलेली नाहीत. मोडक्या डिस्क ड्राइव्हमुळे टाकून दिलेला वी हा सुट्या भागांचा उत्तम साठा असतो, आणि नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डापेक्षा अशा कन्सोलमधून स्वतः काढलेल्या कार्डावर माझा जास्त भरवसा आहे. कारण काढण्याआधी त्याच कन्सोलमध्ये ते चालवून बघता येते. ब्लूटूथच्या जागी ब्लूटूथचे आणि वायफायच्या जागी वायफायचेच घ्या, आणि जुन्या कार्डाशी कनेक्टरचा आकार जुळवून बघा.

वायफाय कार्ड बदलल्यावर कन्सोलचा मॅक पत्ता, म्हणजे राउटरला दिसणारी त्याची ओळख, बदलतो. राउटरमध्ये ठरावीक पत्त्यांनाच परवानगी दिलेली असेल तर नवा पत्ता तिथे टाका, नाहीतर नवे कार्डही ‘खराब’ वाटेल.

16. ब्लूटूथ मॉड्यूल बदलले आणि आता आधी चालणारा रिमोटही चालत नाही!

हे व्हायलाच हवे. रिमोटच्या स्मरणात जुन्या मॉड्यूलचा ब्लूटूथ पत्ता आहे, नव्याला तो ओळखत नाही. प्रश्न 3 मधल्याप्रमाणे 15 सेकंदांची सफाई करून सगळे रिमोट नव्याने सिंक करा. उभे राहून खेळायचा बॅलन्स बोर्ड असेल तर तोही.

17. हॉट एअरने चिप तापवून किंवा कार्ड ओव्हनमध्ये ठेवून बरे होते असे ऐकले आहे.

ओव्हनचा विचार सोडा, स्वयंपाकाच्या ओव्हनचा तर कधीच नको. शिसेविरहित सोल्डर साधारण 217 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. त्या उष्णतेत कनेक्टरचे प्लॅस्टिक वाकते आणि फ्लक्सचे, म्हणजे सोल्डरिंगच्या रसायनाचे, धूर अन्नाच्या जागी बसतात. कधी कार्ड काही दिवस चालते, कारण तडकलेला सांधा तापून तात्पुरता टेकतो, मग पुन्हा सुटतो. ज्यांच्याकडे हॉट एअर स्टेशन, फ्लक्स आणि सराव तिन्ही आहे त्यांनी जरूर करावे. बाकीच्यांसाठी कार्ड कनेक्टरवर असताना हा धोका पत्करण्याचे काही कारणच नाही.

18. दोन्ही मॉड्यूल्स एकदम बंद आहेत. दोन्ही बदलू?

दोन वेगळी कार्डे एकाच वेळी मरणे दुर्मीळ आहे. अलीकडे कन्सोल उघडला असेल तर कार्डे नीट बसली आहेत का ते पाहा. पाणी किंवा सरबत सांडले असेल तर बोर्डावर, विशेषतः कनेक्टरच्या पायांपाशी, हिरवट-पांढरा थर शोधा आणि अल्कोहोलने घासून काढा. सरबताची साखर वाळली तरी ओलावा धरून ठेवते आणि पाय कुरतडत राहते. हे सगळे स्वच्छ असूनही तपासलेली कार्डे चालली नाहीत, तर दोष मुख्य बोर्डाच्या वीजपुरवठ्यात आहे. ते काम बोर्डाच्या पातळीवर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या आणि त्याला तुम्ही काय काय तपासले ते लिहून द्या.

19. वीस-पंचवीस मिनिटे वायफाय छान चालते, मग तुटते. बंद करून थंड झाले की परत चालू.

ही उष्णतेची खूण आहे. जाळ्या आणि पंखा यांतली धूळ काढा, कन्सोल बंद कपाटातून बाहेर घ्या. वीकनेक्ट24, म्हणजे कन्सोल बंद असतानाही इंटरनेट जोडून ठेवणारी सेवा, हिचे स्टँडबाय चालू असेल तर बंद करा. त्या अवस्थेत दिवा पिवळा असतो, आतले भाग जागे राहतात आणि पंखा फिरत नाही. ही सेवा 2013 सालीच बंद झाली आहे, त्यामुळे ती चालू ठेवून मिळत काही नाही. एवढे करूनही तक्रार राहिली तर कार्डावरचा एखादा सांधा तापल्यावर उघडतो आहे; कार्ड बदलणे बरे. मायक्रोवेव्ह चालू असतानाच जोडणी तुटत असेल तर मात्र कन्सोल निर्दोष आहे, दोघेही 2.4 गिगाहर्ट्झच्याच परिसरात राहतात.

20. सगळे परत बसवले आणि आता कन्सोल चालूच होत नाही. दिवाही नाही.

घाबरू नका, हे नेहमीचे आहे. अॅडॅप्टर भिंतीतून आणि कन्सोलमधून, दोन्हीकडून काढा आणि काही मिनिटे ठेवून द्या. उघड्या कन्सोलमध्ये काही क्षण शॉर्ट झाला असेल तर अॅडॅप्टर स्वतःला बंद करून घेतो, आणि दोन्हीकडून सोडल्यावरच परत सुरू होतो. तरीही दिवा नसेल तर पुढच्या पट्टीची तार लावायची राहिली आहे का बघा. दिवा लागतो, पण डिस्क आत घेत नाही, तर ड्राइव्हची रिबन तिरकी बसली आहे. ती काढून तिची कड कनेक्टरच्या रेषेला समांतर दिसेपर्यंत पुन्हा बसवा आणि मगच कुलूप लावा.